विषवल्लीकडून वनौषधींकडे : कै. कान्होबा कीर्तिकर

१९५६ साली भोपाळ मध्य प्रदेशची राजधानी झाले आणि जुन्या नबाबी शहराबाहेर सरकारी वसाहती उभ्या राहिल्या. चार इमली ही त्यांपैकीच एक. बड्या अधिकाऱ्यांच्या बंगल्यांबद्दल ती प्रसिद्ध आहे. पण तिचे नाव कोणा अधिकाऱ्यावरून पडलेले नाही, चार चिंचांवरून पडले आहे. रोज या नावाने आपला पत्ता सांगणाऱ्यांपैकी चिंचेला फुले कोणत्या महिन्यात येतात हे कितीजण सांगू शकतील? हा प्रश्न टोमणा म्हणून विचारलेला नाही. नोकरीत असेपर्यंत माणसाचे डोळे कागदाला जुंपलेले असतात. खिडकीबाहेरचे झाड त्याला दिसते, पण तो ते पाहत नाही. पुढे पेन्शनीचा हुकूम हाती पडतो, दारापुढची वर्दळ ओसरते आणि मग पहाटे उठून फिरायला जावे, झाडे ओळखावीत, पाखरांचे आवाज ऐकावेत, असे त्याला वाटू लागते. पुष्कळांच्या बाबतीत ही हौस दोनचार महिन्यांत मावळते आणि आरामखुर्ची व वर्तमानपत्र एवढेच उरते. ज्यांची मावळली नाही अशांपैकी एका मराठी अधिकाऱ्याचे चरित्र आज मुद्दाम सांगावयाचे आहे. ते अधिकारी म्हणजे इंडियन मेडिकल सर्व्हिसमधील लेफ्टनंट कर्नल कान्होबा रणछोडदास कीर्तिकर.

कीर्तिकरांचे नाव आज दोन ठिकाणी आढळते, आणि गंमत अशी की एका ठिकाणच्या लोकांना दुसऱ्या ठिकाणची फारशी वार्ता नसते. मराठी साहित्य संमेलनाच्या अध्यक्षांची यादी चाळली तर १९०९ साली बडोद्यास भरलेल्या संमेलनापुढे त्यांचे नाव दिसते. दुसरीकडे आयुर्वेदाच्या वा वनस्पतिशास्त्राच्या कोणत्याही विद्यार्थ्याला विचारले, तर कीर्तिकर आणि बसू ही जोडी तो एका श्वासात सांगतो. परंतु हे दोन्ही कीर्तिकर एकच, हे साहित्यिकांना ठाऊक नसते आणि वैद्यांनाही नसते.

कान्होबांचा जन्म १८४९ सालचा. मुंबईत पाश्चात्त्य वैद्यकाची पहिली पिढी तयार होत होती तो हा काळ. १८४५ साली सुरू झालेल्या ग्रँट मेडिकल कॉलेजातून बाहेर पडलेल्या डॉ. भाऊ दाजी लाडांसारख्यांनी रोग्यांची नाडी पाहता पाहता शिलालेख वाचले आणि औषधी वनस्पतींचाही शोध घेतला. डॉक्टराने फक्त डॉक्टरकी करावी ही समजूत त्या पिढीला मान्य नव्हती. कीर्तिकर वाढले ते याच वाऱ्यात. वैद्यकाचे शिक्षण पुरे करून १८७७ साली ते इंडियन मेडिकल सर्व्हिसमध्ये दाखल झाले. त्या वेळी या सेवेत हिंदी माणसे बोटांवर मोजण्याइतकीच होती. सेवा मूळची लष्करी असल्यामुळे नव्या डॉक्टराला पलटणीबरोबर जावेच लागे. कीर्तिकरांनाही जावे लागले. १८७८ ते १८८० या काळात अफगाणिस्तानात युद्ध पेटले होते. त्या मोहिमेत त्यांनी काम केले.

तेथून परतल्यावर लष्करी डॉक्टराचा सिव्हिल सर्जन झाला. ठाण्यास ते सिव्हिल सर्जन होते. आज ठाणे मुंबईला जोडून गेले आहे. त्या वेळी खाडी, भातखाचरे आणि सह्याद्रीच्या पायथ्यापर्यंत पसरलेले रान असा तो जिल्हा होता. सिव्हिल सर्जनाच्या अंगावर काय काय पडे याची आज कल्पना येणार नाही. सरकारी इस्पितळ, तुरुंगातील कैद्यांची तपासणी, शस्त्रक्रिया, साथी आणि या सर्वांच्या वर प्रेतांची चिकित्सा व कोर्टातील साक्ष. पोलिसांनी आणलेले प्रेत उघडून मृत्यूचे कारण सांगावयाचे आणि मग न्यायाधीशापुढे वकिलाच्या उलटतपासणीला तोंड द्यावयाचे, हे त्याचे नेहमीचे काम असे.

या कामात वनस्पतीशी गाठ पडे ती मात्र फारच विपरीत रूपाने. गावोगावच्या आत्महत्यांत कण्हेरीचे मूळ निघे. वाटसरूंना खाण्यातून धोतऱ्याचे बी देऊन, ते बरळू लागले की लुटून पसार होणाऱ्या टोळ्या देशभर होत्या. गुंजा वाटून त्या पिठाच्या बारीक अणकुचीदार सुया करीत, त्या उन्हात वाळवीत आणि कातड्याच्या लोभाने दुसऱ्याच्या गुराच्या अंगात टोचीत. दोनतीन दिवसांत जनावर मरे आणि मालकाला वाटे की साप चावला. बिब्ब्याचे तेल अंगाला लावून मारहाणीचे खोटे व्रण उठविणारेही होते. थोडक्यात, ज्या कण्हेरीची फुले लोक देवाला वाहत आणि ज्या गुंजांनी सोनार सोने तोलीत, त्याच सरकारी डॉक्टरापुढे मुद्देमाल म्हणून येत.

पुष्कळ डॉक्टरांनी हा मुद्देमाल पाहिला, अहवाल लिहिला आणि हात धुतले. कीर्तिकरांनी हात धुतल्यावर आणखी एक गोष्ट केली. हे झाड कोठे उगवते, त्याला फूल केव्हा येते, त्याचे पान कसे ओळखावे, हे ते पाहू लागले. सुदैवाने त्यांच्यासारख्यांना एकत्र बसण्याची जागाही तेव्हाच निर्माण झाली. १५ सप्टेंबर १८८३ रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया अँड आल्बर्ट म्यूझियममध्ये, म्हणजे आजच्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयात, आठजण जमले आणि त्यांनी बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी स्थापन केली. आठांपैकी सहा युरोपियन होते आणि दोन हिंदी : डॉ. आत्माराम पांडुरंग आणि डॉ. सखाराम अर्जुन. दोघेही मराठी आणि दोघेही डॉक्टर. सखाराम अर्जुन हे डॉ. रखमाबाईंचे सावत्र वडील. मुंबईच्या औषधी द्रव्यांची सूची त्यांनी केली होती. सोसायटीचे बिऱ्हाड थोड्याच दिवसांत फिप्सन नावाच्या मद्यविक्रेत्याच्या दुकानामागील खोलीत गेले. न्यायाधीश, जकात अधिकारी, पलटणीचे साहेब असे आपापल्या कामाने पिचलेले लोक तेथे येत आणि फुलपाखरे, साप, पाने, पिसे यांवर बोलत.

१८८६ साली सोसायटीचे नियतकालिक निघाले. त्याच्या पहिल्याच खंडात कीर्तिकरांचा लेख आहे. विषय गरम पाण्यात वाढणाऱ्या एका शेवाळाचा. त्यांनी ते नवी जात म्हणून नोंदविले आणि त्याच्या नावात बर्डवुड हे आडनाव गुंफले. ज्या उन्हाळ्यात माणसे कातडीचे रोग घालविण्यासाठी उतरतात, त्यांतील दगडावरचे हिरवे बुळबुळीत तंतू पाहून थबकणारा माणूस कोणत्या जातीचा असतो, हे यावरून कळते. पुढे याच नियतकालिकातून मुंबई इलाख्यातील विषारी वनस्पतींवर त्यांची लेखमाला अनेक वर्षे येत राहिली. शवागारातून सुरू झालेली ओळख अशा रीतीने शास्त्राच्या पानांवर आली. लंडनच्या लिनियन सोसायटीने त्यांना आपले सदस्यत्व दिले होते.

हे सारे चालले होते ते नोकरी सांभाळून, उरल्यासुरल्या वेळात. या कामाला किती वेळ लागतो हे ठाऊक नसले म्हणजे त्याचे मोल कळत नाही. रानातून फांदी आणली की ती फुला-फळासह कागदात पसरून दाबावी लागते. टिपकागद दररोज बदलावे लागतात, नाहीतर कोकणच्या पावसात दोन दिवसांत बुरशी येते. वाळल्यावर किडीपासून राखण्यासाठी तिच्यावर विषारी द्रव्याचा हात फिरवावा लागतो. मग ती जाड कागदावर चिकटवून ठिकाण, तारीख आणि गावकऱ्यांनी सांगितलेले नाव लिहावयाचे. त्यानंतर खरे काम सुरू होते. हुकरच्या ब्रिटिश हिंदुस्थानातील वनस्पतींवरील सात खंडांत, भिंगाखाली फुलाची एकेक पाकळी मोजून, तिचे शास्त्रीय नाव शोधावे लागते. दिवसभर कचेरीत बसलेल्या माणसाने रात्री दिव्याखाली हे करावयाचे. पलीकडे बदलीचा हुकूम केव्हाही येणार, आणि मग ते कागदांचे गठ्ठे बैलगाडीत घालून नव्या गावी न्यावयाचे.

आणि याच माणसाने मराठी कविताही लिहिली. इंग्रज कवी टेनिसन याच्या एका दीर्घ काव्याच्या आधारे रचलेले त्यांचे ‘इंदिरा’ हे काव्य १८८४ साली प्रसिद्ध झाले. मूळ काव्याचा विषय स्त्रीशिक्षण हा आहे. तो मराठीत आणावा असे सरकारी डॉक्टराला वाटले, यावरून त्यांचे मन किती चौफेर होते ते दिसते. सखाराम अर्जुनांची रखमाबाई आपला विवाहाचा प्रश्न घेऊन न्यायालयात उभी राहिली तो हाच काळ होता.

१९०४ साली, वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी, कीर्तिकर लेफ्टनंट कर्नल या हुद्द्यावरून निवृत्त झाले. सत्तावीस वर्षांची धावपळ थांबली. मुंबईचे मोठे डॉक्टर, त्यात लष्करी हुद्दा. खासगी धंदा मांडून पैसा करणे अवघड नव्हते. परंतु आयुष्याचा उरलेला भाग त्यांनी झाडांना दिला.

या ठिकाणी त्यांच्या दृष्टीत झालेला पालट ध्यानात घेण्यासारखा आहे. नोकरीत असताना त्यांची लेखणी विषारी वनस्पतींवर चालली. निवृत्तीनंतर तिने हाती घेतला तो औषधी वनस्पतींचा प्रपंच. वरवर पाहता हे दोन विषय, पण झाडे पुष्कळशी तीच. कळलावीचेच उदाहरण घ्या. पावसाळ्यात कुंपणावर चढणारी, ज्वाळेसारख्या पिवळ्या-तांबड्या फुलांची ही वेल आपण सर्वांनी पाहिली आहे. तिचा कंद नांगराच्या आकाराचा म्हणून संस्कृतात तिला लांगली म्हणतात. कंद पोटात गेला तर माणूस दगावतो. म्हणून सिव्हिल सर्जनाच्या लेखी ती विषवल्ली. पण अडलेल्या बाईला कळा याव्यात म्हणून सुइणी तिचा कंद बाहेरून लावीत, आणि तिचे मराठी नावही त्यावरूनच पडले असे सांगतात. त्या कंदात व बियांत असलेले कोल्चिसिन हे द्रव्य आज संधिवाताच्या एका दुखण्यावर डॉक्टर देतात. वेल तीच, तिचे विषही तेच. फरक पडतो तो मात्रेने आणि पाहणाऱ्याच्या नजरेने. माणूस कामाच्या रगाड्यात असतो तेव्हा आपल्या खात्याशी जेवढा संबंध येतो तेवढेच झाड त्याला दिसते. रगाड्यातून सुटल्यावर सबंध झाड दिसू लागते. कीर्तिकरांच्या उत्तरायुष्याचा अर्थ मला असा दिसतो.

या कामात त्यांना जोडीदार मिळाले तेही निवृत्तच. मेजर वामनदास बसू हे लाहोरला जन्मलेले बंगाली गृहस्थ. याच इंडियन मेडिकल सर्व्हिसमधून ते मुदतीच्या पुष्कळ आधी, चाळिशीच्या सुमारास बाहेर पडले आणि अलाहाबादेस राहिले. त्यांचे बंधू श्रीशचंद्र बसू यांनी पाणिनीच्या अष्टाध्यायीचे इंग्रजी भाषांतर केले होते आणि पाणिनि ऑफिस या नावाने या भावांची प्रकाशनसंस्था चालत असे. कंपनी सरकारने हिंदी उद्योगधंदे कसे बुडविले यावर पुढे सडेतोड ग्रंथ लिहिणारे बसू ते हेच. कीर्तिकरांपाशी आयुष्यभर कमावलेली वनस्पतींची पारख होती. बसूंपाशी संस्कृत विद्येचे वातावरण आणि ग्रंथ छापून काढण्याची साधने होती. मुंबई आणि अलाहाबाद यांच्यामध्ये असा एक पूल झाला.

हिंदुस्थानातील औषधी वनस्पतींवरील या ग्रंथाच्या मुखपृष्ठावर आणखी एक तिसरा लेखक आहे. त्याने आपले नाव दिलेले नाही; एक निवृत्त आय. सी. एस. एवढेच तेथे छापले आहे. सनदी नोकरीतल्या माणसाला नावाचा, हुद्द्याचा आणि सहीचा केवढा सोस असतो हे सर्वांस माहीत आहे. चार इमलीतल्या प्रत्येक फाटकावर नावाची पाटी असते. त्या पार्श्वभूमीवर हा अनामिक सनदी अधिकारी मनात राहतो.

ग्रंथाचे काम किती अवघड होते? आपल्याकडे औषधांची नावे उदंड, पण एका नावाने वेगवेगळ्या प्रांतांत वेगवेगळी झाडे ओळखली जातात. ब्राह्मी म्हटली की एक वैद्य ओलाव्यात पसरणारी बारीक मांसल पानांची नीरब्राह्मी पुढे करतो, तर दुसरा गोल पानांची मंडूकपर्णी देतो. शंखपुष्पी या नावाखाली तर निरनिराळ्या प्रांतांत तीनचार वनस्पती विकल्या जातात. रास्नेचा घोळ आजही मिटलेला नाही. अशा स्थितीत ग्रंथकाराने प्रत्येक वनस्पती शास्त्रीय नावाने पक्की करावयाची, तिचे मूळ, पान, फूल, फळ वर्णन करावयाचे, ती कोठे आढळते ते सांगावयाचे, संस्कृत, हिंदी, मराठी, बंगाली इत्यादी भाषांतील तिची नावे द्यावयाची आणि वैद्य, हकीम व डॉक्टर तिचा उपयोग कसा करतात ते नोंदवावयाचे. जोडीला चित्रे हवीत, कारण नुसत्या वर्णनावरून झाड ओळखणे सामान्य माणसाला जमत नाही. ग्रंथाला हजारावर चित्रफलक जोडण्यात आले. यातील देशी नावांचे मोल मला फार वाटते. झाडाचे लॅटिन नाव पुस्तकात राहते, पण मराठी नाव ते झाड वापरणाऱ्याच्या तोंडी असते. तो माणूस गेला की नावही जाते. एका कवीचा हात त्या नावांना लागला ही मराठीच्या भाग्याची गोष्ट होय.

आता सुरुवातीस उल्लेखिलेली चिंचच पाहा. लिनियसने तिच्या शास्त्रीय नावात इंडिका म्हणजे भारतीय हा शब्द घातला, आणि तिचे इंग्रजी नाव अरबांच्या तमर-ए-हिंद, म्हणजे हिंदुस्थानचा खजूर, या नावावरून आले. मूळची ती मात्र आफ्रिकेची. आपल्याकडे ती इतक्या पूर्वी आली आणि इतकी रुळली की परकी म्हणून कोणी ओळखत नाही. तिचा कोळ सारक म्हणून, चिंचोके आवेवर, पाला सुजेवर. घरोघरच्या आज्या जे जाणत होत्या त्याला शास्त्राच्या चौकटीत जागा मिळावी, हाच या सगळ्या खटाटोपाचा हेतू. चिंचेखाली झोपू नये असे म्हणणाऱ्या देशात चिंचेची अशी कैफियत कोणीतरी शांतपणे मांडावयास हवीच होती.

निवृत्तीनंतर पाच वर्षांनी बडोद्यास साहित्य संमेलन भरले. सयाजीराव महाराजांच्या राजधानीत, विद्येच्या त्या पेठेत, अध्यक्षस्थानी बसविला गेला तो एक पेन्शनर सर्जन आणि वनस्पतिशास्त्रज्ञ. साहित्याचे क्षेत्र तेव्हा आजच्यापेक्षा पुष्कळ ऐसपैस असले पाहिजे. बडोद्याहून परतल्यावर मोजून आठ वर्षे हाती होती, हे अर्थात तेव्हा त्यांना माहीत असण्याचे कारण नव्हते.

१९१७ साली कीर्तिकर वारले. ग्रंथ अलाहाबादेहून प्रसिद्ध झाला तो १९१८ साली. ज्या झाडांसाठी सारे उत्तरायुष्य वेचले, ती पुस्तकाच्या रूपाने हातात घेण्याचे त्यांच्या नशिबी नव्हते. एक वर्षाने चुकामूक झाली.

पण ग्रंथ मेला नाही. १९३३ साली त्याची दुसरी आवृत्ती निघाली. ती सुधारून वाढविण्याचे काम मुंबईचे विद्वान जेझुइट पाद्री ब्लॅटर, केयस आणि डॉ. म्हसकर यांनी केले. त्यानंतर ती कितीदा पुन्हा छापली गेली याला गणती नाही. आजही एखाद्या मुळीवर संशोधन करणारा विद्यार्थी आपल्या प्रबंधाच्या शेवटी संदर्भ देताना कीर्तिकरांचे नाव लिहितो, बहुधा ते कोण होते हे न जाणता. डॉ. वामन गणेश देसाई यांचा ‘ओषधीसंग्रह’ १९२७ साली मराठीत आला आणि त्याने हे ज्ञान मराठी घरात पोचविले. त्या वाटेवर आधी चाललेल्यांत कीर्तिकर होते.

निवृत्त माणसांनी निसर्गाची सेवा केल्याचे हे एकच उदाहरण नव्हे. पुण्याच्या सायन्स कॉलेजचे प्राचार्य थिओडोर कुक इंग्लंडला परतल्यावर क्यू येथील बागेच्या संग्रहात बसले आणि मुंबई इलाख्यातील वनस्पतींचा त्यांचा प्रसिद्ध ग्रंथ १९०१ ते १९०८ या काळात, म्हणजे पेन्शनीतच, पुरा झाला. परंतु कुकसाहेब हजारो मैलांवरून वाळलेल्या फांद्यांवर काम करीत होते. कीर्तिकरांची झाडे त्यांच्या दारात उभी होती.

त्यांच्या चरित्रातून चार इमलीतल्या किंवा अन्य कोणत्याही वसाहतीतल्या पेन्शनराने काय घ्यावे? निसर्गाची आवड पेन्शनीच्या हुकुमाबरोबर सरकार देत नाही. कीर्तिकरांनी कामाच्या ऐन गर्दीत रोजचा थोडा वेळ वाचवून ती जागती ठेवली होती. म्हणून मोकळीक मिळताच तिला आकार देता आला. ज्यांना नोकरीत तेवढे जमले नाही त्यांनीही निराश होण्याचे कारण नाही. कारण त्यांच्याजवळ आता कीर्तिकरांपाशी नव्हती अशी एक सोय आहे, ती म्हणजे कीर्तिकरांचा ग्रंथ. एक वही घ्यावी, आपल्या रस्त्यावरची झाडे मोजावीत, प्रत्येकाचे नाव माळ्याला विचारून लिहावे, फूल कधी आले, फळ कधी धरले याची तारीख टाकावी. वर्षभर एवढे केले तरी डोळ्यांवरची झापड उतरेल. मात्र सुरुवात उद्यावर टाकू नये. कीर्तिकरांना सेवेतून सुटल्यावर तेरा वर्षे मिळाली, आणि तीही एका वर्षाने कमी पडली.